नवे घ्यावे की जुने चालवावे? : आनंदांची चीवरे आणि खोडदची दुर्बीण

टोमॅटोचे किंवा कांद्याचे पैसे हाती आले, मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, पुण्यास नोकरीला लागलेल्या मुलीला पहिला बोनस मिळाला, की आमच्या पालकांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो : नवा मोबाइल घ्यायचा का? असलेला चालतो आहे, पण हळू झाला आहे. शेजारी मोठा टीव्ही आला आहे. संगणक सात-आठ वर्षांचा झाला आहे. प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु ज्या घरात वर्षाची शिल्लक मोजकी असते, तेथे एका यंत्राची किंमत म्हणजे मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची रक्कम असू शकते, किंवा ठिबक संचाची दुरुस्ती, किंवा आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास व्हावा असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. "यंत्रांची हौस ही सारी तृष्णाच" हे एक, आणि "काळाबरोबर चालायलाच हवे" हे दुसरे. आम्हांस दोन्ही अपुरी वाटतात. पहिल्या उत्तराबाबत आपल्या समाजाने विशेष सावध राहावे. ज्यांच्या पूर्वजांवर उतरलेले कपडे आणि उरलेले अन्न पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना "जुन्यातच समाधान माना" असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी धाटणी बदलण्यास आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून देण्यास सांगितले होते. नव्या वस्तूचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी असतो, हे त्यांनी ओळखले होते. मात्र स्वतः विचार करून स्वीकारलेले नवे वेगळे, आणि जाहिरातीने किंवा शेजाऱ्याच्या नजरेने गळ्यात घातलेले नवे वेगळे. हा भेद ओळखायचा कसा, एवढाच या पाठाचा विषय आहे.

आनंदांची पाचशे चीवरे

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. कोसंबीचा राजा उदेन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी भदंत आनंद यांचे प्रवचन ऐकून त्यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. इतकी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचे दुकान थाटणार की काय, असे त्याच्या मनात आले. त्याने आनंदांना गाठून सरळ विचारले, की एवढ्या वस्त्रांचे आपण काय करणार? आनंद उत्तरले, की ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग त्या विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची पांघरण्याची-अंथरण्याची वस्त्रे होतील. जुन्या अंथरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बसकणे. जुन्या बसकणांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकण्याची फडकी. आणि त्या फडक्यांचे? त्यांचे तुकडे करून चिखलात मळू आणि त्याने लिंपण करू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या कथेचे सार अनेकजण "काटकसर" या एका शब्दात सांगतात. आमच्या मते तिच्यात त्याहून अधिक आहे. आनंदांनी नवी वस्त्रे नाकारली नाहीत. ती कोणाच्या अंगावर जाणार आणि कोणती उणीव भरून काढणार, हे त्यांना ठाऊक होते. जुने वस्त्र ज्या कामास अपुरे पडले त्या कामातून ते निवृत्त झाले, पण निरुपयोगी ठरले नाही. त्याला पुढचे, कमी कष्टाचे काम मिळाले. राजाचा प्रश्न मात्र आपण प्रत्येक खरेदीच्या वेळी स्वतःस विचारावा असा आहे.

खोडदचा धडा

आता दुसरे उदाहरण अगदी आपल्या उंबरठ्यावरचे. नारायणगावपासून दहा-पंधरा किलोमीटरवर खोडदच्या माळरानावर जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, उभी आहे. विज्ञान दिनाच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या : त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या.

ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचा आरंभच जुन्या साहित्यातून झाला होता. सिडनीजवळ वापरून झालेल्या, सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियातील विज्ञानसंस्थेने भारताला देऊन टाकल्या. त्या १९६५ साली आपल्या कल्याणला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सूर्याचा अभ्यास झाला. एका देशाचे संपलेले काम दुसऱ्या देशाच्या विद्येचा प्रारंभ ठरले. पुढे खोडदला तबकड्या बांधताना भरीव धातूचा पत्रा न वापरता दोरांच्या सांगाड्यावर बारीक पोलादी तारांची जाळी ताणण्याची युक्ती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी योजली. जाळीतून वारा निघून जातो, वजन कमी राहते, खर्चही आटोक्यात राहतो. मीटरभर लांबीच्या लहरी पकडायला भरीव पत्र्याची गरजच नसते. काम नेमके ठाऊक असले की महागड्या साधनाचा मोह आपोआप सुटतो, तो असा.

२००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली आहे. काही वर्षांतच इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्र पुढे गेले आणि खोडदच्या वैज्ञानिकांपुढेही आपलाच प्रश्न उभा राहिला : नवे घ्यावे का? त्यांनी आधी अडचण नेमकी मोजली. जुन्या यंत्रणेला एका वेळी फार तर ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या लहरी टिपता येत होत्या, आणि त्याही ठरावीक पाच पट्ट्यांतच. तबकड्या मात्र उत्तम होत्या. म्हणून तबकड्या आणि त्यांचे मनोरे तसेच ठेवून लहरी ग्रहण करणारे भाग, संकेत वाढवणारी उपकरणे आणि गणन करणारी यंत्रणा बदलण्यात आली. हे कामही टप्प्याटप्प्याने, चालू निरीक्षणांत शक्य तितका कमी खंड पडू देऊन झाले. आता एका वेळी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा टिपता येतो आणि दुर्बिणीची संवेदनक्षमता जवळजवळ तिप्पट झाली आहे. जून २०२३ मध्ये विश्वात सतत गुणगुणणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगापुढे मांडला गेला, त्यात खोडदच्या या सुधारित दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

आनंद आणि खोडद यांच्यात अडीच हजार वर्षांचे अंतर आहे, पण विवेक एकच आहे. आधी अडलेले काम ओळखावे. मग ते ज्या भागामुळे अडले तो भाग बदलावा. जे अजून चालते ते चालू द्यावे.

घरातील यंत्रांकडे पाहताना

पहिला प्रश्न असा : अडलेले काम कोणते? "फोन जुना झाला" हे उत्तर नव्हे. "दुपारी दोनलाच बॅटरी उतरते", "जागा संपल्यामुळे बाजारभावाचे ॲप उघडत नाही", "स्पर्धा परीक्षेचे वर्ग पाहताना पडदा अपुरा पडतो" ही उत्तरे होत. ज्याला काम सांगता येत नाही, त्याची गरज बहुधा जाहिरातीने निर्माण केलेली असते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी सेवा सुरू झाली. पण आपल्या वाडीवर ते सिग्नल नीट पोहोचत नसतील, तर केवळ त्यासाठी घेतलेला फोन जुन्याच वेगाने चालणार.

दुसरा प्रश्न : दोष सगळ्या यंत्रात आहे की एका भागात? मोबाइलची लिथियम बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरली-उतरली की तिची क्षमता मूळच्या चार-पंचमांशाच्या आसपास येते. तो बॅटरीचा स्वभाव आहे, फोनचे म्हातारपण नव्हे. बॅटरी बदलली की बहुतेक फोन आणखी दोन वर्षे काढतात. संगणक मंद झाला असेल तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून आणि रॅम वाढवून पाहावे. साध्या टीव्हीला एचडीएमआयची खाच असेल, तर एक छोटे उपकरण जोडून त्यावर इंटरनेटवरील कार्यक्रम पाहता येतात. उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती ग्राहकांना एकत्र मिळावी म्हणून केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" हे संकेतस्थळ सुरू केले आहे, तेही पाहावे.

येथे साधे गणित मांडू. समजा, २४,००० रुपयांचा फोन दोन वर्षांनी बदलला, तर महिन्याचा खर्च १,००० रुपये. तोच फोन तिसऱ्या वर्षी २,००० रुपयांची बॅटरी घालून चार वर्षे वापरला, तर महिन्याचा खर्च सुमारे ५४० रुपये. चार वर्षांत २२,००० रुपयांचा फरक पडतो. घरात असे तीन फोन असतील, तर एका मुलाच्या उच्च शिक्षणाची तरतूद या फरकातूनच सुरू होऊ शकते.

मात्र काही वेळा नवे घेणेच शहाणपणाचे असते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या फोनला उत्पादकाकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नये. संगणकांबाबत ताजे उदाहरण विंडोज १० चे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित साहाय्य संपले, आणि अनेक धडधाकट संगणक पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. तेव्हा बँकेचे व्यवहार अशा संगणकावर करू नयेत. पण लेखन-वाचन आणि अभ्यास यांसाठी त्यावर लिनक्सची एखादी विनामूल्य प्रणाली घालता येते. हे अगदी आनंदांच्या अंथरुणासारखे झाले : काम बदलले, वस्तू टिकली.

तिसरा प्रश्न : पैसा कोणत्या वाट्यातून येणार? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन उद्योगव्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. दीघजाणूला केलेल्या उपदेशात आय आणि व्यय यांचा तोल तराजू धरणाऱ्यासारखा राखावा, असे म्हटले आहे. हाच दंडक यंत्राला लावावा. ज्यावर मुलगी अभ्यास करणार किंवा शेतकरी बाजार समितीचा भाव पाहून माल पाठवणार, ते यंत्र उद्योगाच्या वाट्यातून घ्यावे. ज्यावर केवळ मनोरंजन होणार, ते उपभोगाच्या वाट्यातून घ्यावे. संकटासाठी राखलेल्या चौथ्या वाट्याला त्यासाठी हात लावू नये.

आपल्या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव कडाडले तेव्हा नारायणगावच्या बाजाराचे नाव देशभर गाजले. पण ज्याने टोमॅटो पिकवला आहे, त्याने तोडणीचा खर्चही न निघाल्याने माल रस्त्यावर ओतला जाताना पाहिलेला आहे. तेजीच्या महिन्यात बांधून घेतलेला हप्ता मंदीच्या महिन्यातही दारात येतोच. "शून्य व्याजा"च्या हप्त्यांबाबतही सावध असावे. वस्तूवर खरोखर शून्य व्याज नसतेच, ते प्रक्रिया शुल्कात किंवा गमावलेल्या सवलतीत दडलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा, तसेच बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. दोन हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यातील कष्टकरी आणि व्यापारी आपल्या मिळकतीचा एक भाग टिकाऊ कामाला लावत होते.

चौथा प्रश्न : जुन्याचे काय होणार? हा उदेन राजाचा प्रश्न होय, आणि नवे घरात येण्यापूर्वीच त्याचे उत्तर तयार असावे. चालू फोन धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला किंवा आजोबांना धम्मप्रवचने ऐकायला देता येतो. देण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि फोन मूळ स्थितीस आणावा. वापरलेला फोन विकत घेताना पावती मागावी. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी क्रमांक शासनाच्या "संचार साथी" या संकेतस्थळावर तपासावा. चोरीचा म्हणून रोखलेला फोन असेल तर ते तेथे कळते. पूर्ण निकामी झालेले यंत्र मात्र भंगारात देऊ नये. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सर्किटे आम्लात बुडवली जातात, आणि त्यातील शिसे व पारा ते काम करणाऱ्याच्या शरीरात आणि मातीत उतरतो. ते काम करणारे हात बहुतेक वेळा गरिबांचेच असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अधिकृत संकलन केंद्राची चौकशी करूनच यंत्र द्यावे.

कुटुंबात मिळून चर्चा करण्यासाठी

खरेदीचा विचार मनात आल्यावर पंधरा दिवस थांबावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. लिहिताना मुलांनाही बसवावे. घरचा जमाखर्च मुलांपासून लपवला, तर त्यांच्यापर्यंत फक्त हट्टच पोहोचतो, विवेक नाही.

१. आज कोणते काम अडले आहे, ते एका वाक्यात सांगता येईल का?
२. दुरुस्तीचा खर्च विचारला आहे का? तो नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आहे का?
३. हा खर्च मिळकतीच्या कोणत्या वाट्यातून होणार? हप्ता असल्यास मंदीच्या महिन्यात तो कसा फेडणार?
४. याच पैशात घरातील दुसऱ्या कोणाची याहून मोठी गरज भागते का?
५. जुने यंत्र कोणाच्या हाती जाणार, आणि तेथे ते कोणते काम करणार?

पाचही उत्तरे समाधानकारक आली, तर नवे यंत्र अवश्य आणि उजळ माथ्याने घ्यावे. आनंदांनीही पाचशे वस्त्रे नाकारली नव्हती.