बोल्ट गेला तर जाऊ दे

जुनी गाडी उभी करायला घेतलेला माणूस सुरुवातीला इंजिनाबद्दल बोलतो, मग रंगाबद्दल, आणि गाडी खरोखर उघडायला लागला की फक्त नट-बोल्टांबद्दल. इंजिनाचे सुटे भाग जुन्या बाजारात मिळून जातात, रंगारी तालुक्याच्या गावीही आहेत. पण वर्षानुवर्षं जागचा न हललेला बोल्ट धड काढून द्यायला कोणी मिळत नाही.

माझ्याकडची गाडी म्हणजे १९८०च्या दशकातली महिंद्राची पिकअप, जीपच्या घराण्यातली. तिची उमेदीची वर्षं हर्णै बंदरात गेली. हर्णैला मासळीचा लिलाव किनाऱ्यावर होतो, त्यामुळे गाडी थेट ओल्या वाळूत. मग बर्फ घातलेली मासळी हौद्यात चढते आणि खेडकडे येईपर्यंत वितळलेलं खारट पाणी फटींमधून चेसीवर ठिबकत राहतं. वरून कोकणातला पाऊस. अशी गाडी वरून बघून विकत घेऊ नये, खाली आडवं पडून बघावी. पत्र्याचा गंज दिसतो आणि पत्रा बदलताही येतो. आट्यांमधला गंज दिसत नाही, तो पाना लावल्यावर कळतो.

मॅनिफोल्ड उतरवायला म्हणून गाडी एका गॅरेजात दिली होती. तिथल्या पोऱ्याने गोटी पाना लावला, मुठीला हातभर पाइप चढवला आणि अंग टाकलं. पहिले स्टड निघाले, म्हणून पुढच्यांवरही तेवढाच जोर. त्यातला एक हेडच्या तोंडाशी तुटला. मग त्यात ड्रिल घातलं, ते तिरकं गेलं. त्या तिरक्या भोकात तुटका बोल्ट बाहेर काढायचा इझी-आउट ठोकला आणि तोही आतच मोडला. आता इझी-आउट म्हणजे कडक पोलाद. साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घासत राहतं, शिरत नाही. शेवटी अख्खं हेड उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्यावं लागलं. तिथे स्पार्क इरोजनच्या यंत्रावर, विजेच्या ठिणग्यांनी तो तुकडा कणाकणाने खाऊन काढला. यंत्रावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हेड उलटंपालटं करून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, बोल्ट वाचवायचा नसतो. तो ज्यात बसलाय ते वाचवायचं असतं."

या कामाची सगळी अक्कल मला त्या वाक्यात सापडली. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी बोल्टकडे न बघता त्याच्या घराकडे बघतो.

हौद्याचे, मडगार्डचे, पायरीचे बोल्ट आरपार गेलेले असतात आणि मागे नट दिसतो. त्यांच्याशी झटापट करण्यात काही अर्थ नाही. ग्राइंडर लावा, नटाला एका बाजूने चीर पाडा, छिन्नीने फोडा. पाट्यांचे यू-बोल्ट तर कापायचेच. ते एकदा ताणून बसलेले असतात, सुटले तरी पुन्हा वापरू नयेत. अशा जागी तेल घालून दिवस घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी हौशी म्हणतो, आणि त्यात कौतुक कमीच असतं.

खरी काळजी घ्यायची ती ओतीव भागांत शिरलेल्या बोल्टांची: हेड, ब्लॉक, गिअरबॉक्सचं कवच. त्यातही ॲल्युमिनियममध्ये बसलेला पोलादी बोल्ट सगळ्यात वाईट. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, म्हणजे विजेच्या घटासारखी क्रिया चालू होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. चाकाच्या ब्रेक सिलिंडरवरचा ब्लीडर निपलही याच जातीचा. तो पोकळ असतो, त्यामुळे जरा जास्त जोर लागला की मान मोडलीच. अशा प्रत्येक बोल्टवर मी खडूने फुली करतो. फुली असलेल्या बोल्टला पाइप लावायचा नाही, घाईच्या दिवशी हातही लावायचा नाही.

या गाड्यांची आणखी एक गंमत आहे. चेसी जीपची, म्हणजे इंचाच्या मापाची, आणि डिझेल इंजिन इगतपुरीला प्यूजोच्या सहकार्याने बनलेलं, म्हणजे मिलिमीटरचं. एकाच गाडीत दोन राज्यं. अर्ध्या इंचाचं डोकं भरतं १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना छान बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कोपरे खातो. नऊ सोळांशचं डोकं १४.२९. त्याला १४चा जात नाही, १५चा खुळखुळतो. पाऊण इंचाला १९चा मात्र चालून जातो. आमच्याकडचे मिस्त्री अजून सुतात मोजतात, इंचाचे आठ सूत, आणि त्यांच्या डब्यात जुने इंची पाने असतात. ते मागून आणा, विकत घ्या, काहीही करा. गंजलेल्या बोल्टवर गोटी सहा पैलूंची हवी. बारा पैलूंची कोपऱ्यांवर टेकते, आणि गंजाने आधीच झिजलेले कोपरे ती पहिल्याच झटक्यात गोल करते.

आणि हो, जुन्या जीपांमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. स्टडच्या टोकावर बहुधा 'एल' कोरलेला असतो, पण तो गंजाखाली लपतो. आधी वायर ब्रश मारून बघा. नाहीतर सोडवतोय असं समजून दोघे मिळून घट्ट करत बसाल.

तेलाबद्दल खूप श्रद्धा-अंधश्रद्धा आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या मधली जी फट मुळातच केसाएवढी, ती तो ठासून भरतो. तिथे इंजिन ऑइलसारखं जाड तेल शिरत नाही. रॉकेल पूर्वापार चालत आलंय आणि वाईट नाही. गंज सोडवण्यासाठी म्हणून विकले जाणारे फवारे त्याहून बरे. डब्ल्यूडी-४० हे मुख्यतः ओल हटवण्यासाठी बनवलेलं, हट्टी बोल्टला त्याच्यावर विसंबू नका. ऑटो ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळून घरगुती औषध करतात. तेही चांगलं चालतं, पण दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. शिवाय ॲसिटोन रंग खातं आणि चटकन पेट घेतं. कोणतंही घ्या, आधी वायर ब्रशने आटे उघडे करा, नाहीतर तेल गंजाच्या पापुद्र्यावरच राहतं. तेल घातलं की बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ टकटक करा. जोरात नको. त्या हादऱ्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मग सोडून द्या. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा टकटक. फुलीवाल्या बोल्टना मी आठवडाभर हे रोज करतो आणि तोवर दुसरं काम उरकतो.

मग पाना लावण्याचा दिवस. इथे हाताला जे कळतं ते लिहून सांगणं अवघड, तरी प्रयत्न करतो. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाब द्या, मग सोडवायच्या. पहिली हालचाल होताना 'कट्' असा कोरडा आवाज आला, तर गंजाची पकड सुटली. डोक्याखाली वायसर आणि बोल्टच्या मध्ये एक बारीक चकचकीत रेघ दिसते, तीही हीच खूण. पण आवाज न होता पाना मऊ मऊ फिरायला लागला, जोर तेवढाच आणि डोकं मात्र वळतंय, तर तिथेच थांबा. बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. डोक्यावर रंगाची खूण करून ठेवली असेल तर हेही कळतं की दाब काढल्यावर ती खूण थोडी मागे येते. अजून पाव फेरा दिला तर तुटणार. उलट फिरवून जागेवर आणा, तेल घाला आणि दोन दिवस विसरा. सुटलेला बोल्टही एका दमात काढू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत. गंजाची तांबडी भुकटी तेलाबरोबर बाहेर येऊ द्या. ती आत साचली की अर्ध्यावर आलेला बोल्ट पुन्हा जाम होतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त घट्ट होतो.

एवढ्यानेही ऐकलं नाही तर आग. तापवायचा तो नट किंवा भोवतीचा भाग, बोल्ट नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण गरम पाण्याखाली धरतो तेच तत्त्व. बारा मिलिमीटरच्या भोकात तीनशे अंशांनी तापमान वाढलं तर जेमतेम चार शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. गंजाची पकड मोडायला तेवढा पुरतो. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण स्वतःहून आत ओढलं जातं. हा उपाय साधा आहे, पण मी पाहिलेल्या महागड्या फवाऱ्यांपेक्षा अनेकदा जास्त उपयोगी पडला.

आगीबरोबर येणारं बाकीचंही ऐका. डिझेलची टाकी आणि तेलाच्या नळ्या जवळ असतील तर आधी उतरवा. शॉक ॲब्सॉर्बर तापवायचा नाही, आत बंद तेल असतं, तो फुटतो. जस्ताचा मुलामा असलेला नट तापला की पांढरा धूर निघतो, तो छातीत जाऊ देऊ नका. ब्रेक धुण्याचे काही फवारे क्लोरीनवाले असतात. त्यांची ओल असताना वेल्डिंग केलं तर विषारी वायू तयार होतो. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर जायचं नाही, स्टँड लावायचे. चष्मा तर हवाच. वर बघून काम करताना गंज थेट डोळ्यात पडतो. चेसी नंबर जिथे कोरलाय त्या जागेजवळ ग्राइंडर आणि ज्योत दोन्ही नेऊ नका. पासिंगला आरटीओत त्याचा पेन्सिलीने ठसा घेतात. तो पुसट झाला तर गाडी तुमचीच आहे हे पटवण्यात हयात जाईल.

तरीही बोल्ट तुटला तर इझी-आउट शेवटी काढा. आधी सीओटू वेल्डिंगवाला बोलवा. तुटक्या तोंडावर वायसर, त्यावर नट ठेवून नटाच्या पोटातून झाळ भरायची. दोन फायदे: पकडायला नवं डोकं मिळतं, आणि मोडका तुकडा आतून तापून आकुंचन पावताना गंज सोडतो. लाली पूर्ण गेली की हळूच हलवायचं. पहिला नट निखळला तर दुसरा लावायचा, यात लाज नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायला विसरू नका. ड्रिल मारायची वेळ आलीच तर बरोबर मध्यावर पंचची खूण करा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करा. उलट्या धारेची ड्रिल मिळाली तर उत्तम. कधी कधी तीच तुकडा फिरवून बाहेर आणते. आटे पार गेले असतील तर नवे आटे देणारं हेलिकॉइल बसवता येतं, आणि ते नीट बसवलं तर मूळच्या आट्यांपेक्षा कमकुवत नसतं.

परत जोडताना काढलेले बोल्ट वाचवायचा मोह टाळा. नव्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलंय का बघा. इंची बोल्टवर आकडे नसतात, तीन रेघा असतील तर तो साधारण त्याच तोडीचा. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावा. पण वंगण लागलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क पाना वापरत असाल तर आकडा थोडा खाली घ्या. चाकांच्या नटांना मात्र काहीही लावू नका, ते कोरडेच बसवा. आणि गाडी पुन्हा बंदरावर जाणार असेल तर प्रत्येक खेपेनंतर खालून गोड्या पाण्याचा पाइप मारायची सवय ड्रायव्हरला लावा. चेसीच्या आतल्या पोकळीत पाणी साचून राहू नये म्हणून तळाला भोकं असतात. ती मासळीच्या खवल्यांनी आणि वाळूने बुजतात, तार घालून मोकळी ठेवा.