पुन्हा रिकिबीत पाय घालताना

पोरी, चाळिशीत पुन्हा घोड्यावर बसायचं म्हणतेस, ऐकून बरं वाटलं. शाळेतली घोडेस्वारी तुझ्या डोक्यात जशीच्या तशी आहे, मांड्यांना मात्र तिचा पत्ता नाही. आठवण आधी चढते, अंग मागून. तेवढं धरून पुढचं वाच.

१. शिकवणाऱ्याला सगळं खरं सांग: किती वर्षं सुटलं, वजन, जुनी कंबरदुखी – घोडा त्यावरूनच निवडतात, आणि लपवलेलं वजन त्याच्या पाठीला कळतंच.

२. म्हातारा, शांत घोडा माग, लाजू नकोस – शहाणं जनावर नवख्या हातांना सांभाळून घेतं. टोकाशी टोक भिडलेल्या कानांचे रुबाबदार मारवाडी बघायला सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊ की. फक्त बघायला!

३. माळ्यावरचं हेल्मेट माळ्यावरच राहू दे – बनवणारेच साधारण ५ वर्षांनी बदला म्हणतात, आणि एकदा जोरात आपटलेलं तर वरून धड दिसलं तरी कामातून गेलेलं असतं.

४. बुटाला इंचभर टाच हवी – सपाट तळाचा पाय रिकिबीतून आरपार घुसतो, मग पडलीस तरी सुटत नाही.

५. तंग स्वतः तपास, आणि एकदा तपासून थांबू नकोस – घोडे लबाड, आवळताना छाती भरून घेतात, चार पावलं चालले की श्वास सोडतात, आणि खोगीर सैल. चढण्याआधी थोडं चालव, मग पट्टा आणखी एक भोक वर घे. बसल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बोटं घालून बघ. मोतद्दार ‘घट्ट आहे ताई’ म्हणेल, म्हणू दे. सैल तंगाला सरदार काय नि शिलेदार काय!

६. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा – त्याला बहुतेक सगळीकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं नाही. मागून जावंच लागलं तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जा; लाथेला जोर धरायला जागा लागते.

७. चढायला ओटा घे – खालून लटकून चढलं की त्याच्या पाठीला पीळ बसतो. तुझ्या गुडघ्यांचं मी काही बोलत नाही.

८. पहिली १० मिनिटं नुसती चाल, मग दुडकी. चौखूर उधळणं सध्या मनातच.

९. बिचकलीस की लगाम खेचू नकोस, आवाज होईल असा श्वास सोड, टाच खाली दाब – तू श्वास कोंडलास की त्याला वाटतं, बाईला वाघ दिसला.

१०. माथेरानला घोड्यावरून फिरलीस ती मजा, सराव नव्हे – तिथला घोडा मालकाच्या मागे ठरल्या वाटेनं जातो, तुझं ऐकून नाही.

११. उतरल्यावर तंग सैल कर, थोडं चालव, खरारा स्वतः कर – हात फिरवताना खोगिराखालची सूज लागते, खुरातला खडा सापडतो. गाजर सपाट तळव्यावर दे, बोटं लागतील तुला.

१२. पुढची वेळ दोन दिवस सोडून ठरव – दुसऱ्या दिवशी जिना उतरताना फोन करशील, आणि मी हसणार आहे.