भिलाईचे पोलाद, अवकाशयानाची द्रव्ये आणि संगणकीय संशोधन

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. त्याच दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाठा येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा स्थायी परिसर असून तो २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रार्पण करण्यात आला. संस्थेचा आरंभ मात्र २०१६ मध्ये रायपूर येथील तात्पुरत्या जागेत झाला होता. पोलादनगरीतील पदवीधराला अवकाश क्षेत्राकडे नेणारा एक मार्ग म्हणजे संगणकीय द्रव्यविज्ञान. (मराठीत ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द भौतिकशास्त्रासाठी रूढ असल्याने येथे ‘मटेरियल्स सायन्स’साठी द्रव्यविज्ञान म्हटले आहे.)

पोलादाचेच उदाहरण घेऊ. सामान्य पोलादाला कठीणपणा मुख्यतः कार्बनमुळे येतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातील घन इंधनाचे कवच ज्या मॅरेजिंग पोलादाचे असते, त्यात कार्बन नगण्य असतो आणि निकेल सुमारे १८ टक्के. सुमारे ४८० अंश सेल्सिअसला काही तास तापविल्यावर त्यात निकेल, टायटॅनियम व मॉलिब्डेनम यांच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण निर्माण होतात व तेच त्याला बळ देतात. कोणते मूलद्रव्य किती घालावे, याचे पर्याय असंख्य. प्रत्येकासाठी भट्टी पेटविणे परवडणारे नाही. संगणक हे पर्याय आधीच चाळून देतो.

यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरतात. घनता-फलन सिद्धान्त इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून द्रव्याची ऊर्जा काढतो. त्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही गणना बहुधा काहीशे अणूंपुरतीच झेपते. रेणवीय गतिकी लक्षावधी अणूंचा मागोवा घेते, पण तो सामान्यतः काही नॅनोसेकंदांपुरताच. उपग्रहाने मात्र दहा-पंधरा वर्षे टिकावयाचे असते! ही दरी सांधणे हाच या विषयातील खरा संशोधन-प्रश्न आहे.

त्याचे मोल किती, हे इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या कार्बन-कार्बन नोदकनळीवरून कळते. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातील कोलंबियम मिश्रधातूच्या नळीऐवजी ती वापरल्यास नळीचे वस्तुमान सुमारे ६७ टक्क्यांनी घटून यानाची वहनक्षमता १५ किलोग्रॅमने वाढू शकते. अडचण अशी की तप्त कार्बन ऑक्सिजनच्या संपर्कात जळतो. म्हणून तिच्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला जातो; परंतु लेप व कार्बन उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तडे संभवतात. हा तडा कोठे सुरू होईल, हा पीएच.डी.साठी उत्तम विषय ठरेल.

प्रवेशासाठी ‘गेट’ अथवा सीएसआयआर-नेट उत्तीर्ण असणे उपयुक्त ठरते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, धातुशास्त्र व यंत्र अभियांत्रिकी या शाखांतून या विषयाकडे वळता येते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. इस्रोच्या ‘रिस्पॉन्ड’ योजनेतून विद्यापीठांतील प्रकल्पांना साहाय्य मिळते. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे इस्रोचे अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहेत, तर थिरुवनंतपुरम येथे २००७ मध्ये अवकाश विज्ञान व तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

केवळ तयार संगणकप्रणाली चालविता येते, एवढ्यावर प्रवेश घेणे धोक्याचे आहे. मार्गदर्शकाला भेटताना विद्यार्थ्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: आपल्या गणनेतून निघालेले द्रव्य वितळवून, ताणून पाहण्याची सोय कोठे आहे? उत्तर नसेल तर पाच वर्षांचे उत्तर अपडताळलेलेच राहील.