पीएचडीची जागा नोकरी म्हणून शोधा

करमाळा तालुक्यातल्या, विशेषतः जेऊर भागातल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो, ‘पीएचडीला किती लाख लागतील?’ जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये स्थिरावलेल्या घरांनी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तिथे पीएचडी करणारा बहुतेक वेळा पगारी नोकर असतो, फी भरणारा विद्यार्थी नव्हे. एजंटला पैसे देण्याआधी किंवा जमीन गहाण टाकण्याआधी एवढं घरात सगळ्यांना सांगा.

त्यामुळे जागा शोधायची ती विद्यापीठाच्या नोकरभरतीच्या जाहिरातींत. नेदरलँड्ससाठी ‘अकॅडमिक ट्रान्सफर’, सगळ्या युरोपसाठी ‘युरॅक्सेस’ ही संकेतस्थळं रोज पाहा. जर्मन जाहिरातीत ‘टीव्ही-एल १३, ६५ टक्के’ असं दिसेल. टीव्ही-एल ही तिथली सरकारी वेतनश्रेणी. पूर्ण पगाराचे ६५ टक्के मिळतात, काम मात्र पूर्ण दिवसाचं होतं. एकट्या माणसाचं त्यात नीट भागतं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या जागांना, नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत जागा असलेल्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार चालत नाही. थेट गावाकडून येणाऱ्याला या अटीची अडचण नसते.

अमेरिकेत मात्र अर्ज प्रवेशाचा असतो, मुदत साधारण डिसेंबरात संपते आणि असिस्टंटशिपमधून फी व खर्च निघतो. अर्जाची फी माफ होते का, हे पत्र लिहून विचारावं. त्यात कमीपणा नाही.

सगळ्यात जास्त अर्ज वाया जातात ते ई-मेलमुळे. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग’ असं एकच पत्र शंभर प्राध्यापकांना गेलं की कुणीच वाचत नाही. समजा, तुमचा एमएस्सीचा प्रकल्प उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या शेवाळावर आहे. बर्लिनची गोड्या पाण्यावर संशोधन करणारी लाइब्निझ संस्था याच विषयात काम करते. तिथल्या एका गटाचा एक शोधनिबंध नीट वाचा आणि लिहा: उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मी अमुक ठिकाणचे नमुने घेतले, अमुक आढळलं, तुमच्या पद्धतीबद्दल हा प्रश्न आहे. दहा ओळी पुरेत. ज्या पाण्याकाठी तुम्ही वाढलात त्याची माहिती तिकडच्या उमेदवाराकडे नसते. ती लपवू नका. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

शिष्यवृत्तीचा रस्ताही आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि जर्मनीची ‘डाड’ (DAAD) शिष्यवृत्ती या दोन्ही पीएचडीसाठी मिळतात. अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा, आणि करार तर शब्दन् शब्द. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनाही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची सेवा करण्याचा करार करावा लागला होता. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रकं आणि ट्रान्सक्रिप्ट आधीच काढून ठेवा. अर्जाच्या आठवड्यात ती हातात पडत नाहीत.

निवड झाली तरी सुरुवातीचे पैसे जवळ लागतातच. जर्मनीत पगार महिनाअखेरीस येतो आणि घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागू शकतो. निघण्याआधी त्या शहराच्या महाराष्ट्र मंडळाला कळवा. पहिले काही आठवडे खोली देणारं घर अनेकदा तिथूनच मिळतं.