छोट्या हत्तीचा चारा किती रुपयांचा?

२००५ साली टाटांची ‘एस’ ही चिमुकली मालमोटार रस्त्यावर आली आणि लोकांनी तिचे नाव ठेवले ‘छोटा हत्ती’. भाजीचे क्रेट, पाण्याचे जार, मांडवाचे सामान, काय वाटेल ते ती गल्लीबोळांतून वाहून नेते. २०२२ मध्ये या हत्तीचा विजेवर चालणारा भाऊ आला. डिझेलचा हत्ती पंपावर जाऊन चरतो. हा मात्र रात्री घराच्या भिंतीशी बांधून ठेवता येतो. मग त्याच्या चाऱ्याचा महिन्याचा खर्च किती?

ज्याला गाडी घ्यायची आहे त्याच्या दृष्टीने हा प्रश्न गमतीचा नाही. विजेच्या गाडीची किंमत जास्त असते. कर्जाचा जादा हप्ता डिझेलच्या बचतीतून फेडू, असा त्याचा बेत असतो. बचतीचा आकडा चुकला की हप्ता थकतो.

आधी नेहमी केला जाणारा हिशेब पाहू. या गाडीच्या पहिल्या नमुन्याची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत २१.३ युनिटांची. प्रमाणित चाचणीत एका भरणीत ती १५४ किलोमीटर चालते. २१.३ ला १५४ ने भागले की दर किलोमीटरला ०.१३८ युनिट येते. समजा, गाडी रोज ६० किलोमीटर आणि महिन्यातले २५ दिवस चालते. एकूण १५०० किलोमीटर, म्हणून सुमारे २०७ युनिटे. घरी महिन्याला १२० युनिटे लागतात आणि त्यांचे ८४० रुपये होतात, तेव्हा दर ७ रुपये. २०७ गुणिले ७, सुमारे १४५० रुपये. झाला हिशेब!

गुणाकार-भागाकार सगळे बरोबर आहेत, उत्तर मात्र साफ चुकीचे आहे. कोठे चुकले ते पाहू.

पहिली गोष्ट रस्त्याची. चाचणीतला रस्ता आणि आपला रस्ता यांत फरक असतो. मालासह गाडीचे वस्तुमान १८०० किलोग्रॅम धरा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग घेताना तिला गतिज ऊर्जा द्यावी लागते ९०,००० जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा चाळीस वेळा थांबून पुन्हा निघाले की एक युनिट केवळ वेग घेण्यात जाते. ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालते आणि यातली काही ऊर्जा बॅटरीत परत येते, सगळी नाही. चढाचेही तसेच. हीच गाडी १०० मीटर उंच चढली, तर वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे सुमारे १७ लाख ६४ हजार जूल, जवळजवळ अर्धे युनिट. सपाट रस्त्यावर तेवढ्यात ती साडेतीन किलोमीटर गेली असती. म्हणून आपण ०.१३८ ऐवजी ०.१७ युनिट धरू. १५०० किलोमीटरांना २५५ युनिटे झाली.

दुसरी गोष्ट अशी की, बॅटरीतली युनिटे आणि मीटरवरची युनिटे एक नव्हेत. घरातला प्रवाह प्रत्यावर्ती, बॅटरीला हवा एकदिश. तो बदलताना चार्जर गरम होतो. बॅटरीही आपल्या अंतर्गत रोधामुळे थोडी तापते. ही उष्णता आपण विकतच घेतलेली असते. एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीत २५५ युनिटे जाण्यासाठी मीटरवर २५५ भागिले ०.८५, म्हणजे ३०० युनिटे पडतील.

घरातल्या तारेचाही यात वाटा आहे. चार्जर १३ अँपिअर प्रवाह घेतो असे समजा. तार जुनी, बारीक आणि लांब असून तिचा रोध अर्धा ओहम असेल, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तारेत ८४.५ वॅट जळतात. लांब तारेत ही उष्णता पसरून जाते. पण सैल बसलेल्या प्लगच्या एकाच टोकाशी नुसता ०.१ ओहम रोध असला, तरी तिथे १७ वॅट उष्णता तेवढ्याशा जागेत तासन्‌तास साठते आणि प्लास्टिक वितळते. पंधरा अँपिअरचा चांगला प्लग, जाड तार, योग्य अर्थिंग आणि वाढीव मंजूर भार हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी. महावितरणच्या घरगुती बिलाची मागची बाजू कधी वाचली आहे का? दर पायऱ्यांनी चढतो. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि ५०० च्या वर चौथ्या दराने. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून उदाहरणासाठी आपण वहन आकारासह अनुक्रमे ६, १२, १६ आणि १८ रुपये धरू. तुम्ही आपल्या बिलावरचे आकडे घाला.

घरच्या १२० युनिटांचे, पहिल्या शंभरांचे ६०० आणि पुढच्या वीसांचे २४०, असे ८४० रुपये. सरासरी ७ रुपये. पण हत्ती येतो तेव्हा खालची स्वस्त पायरी दिवे, पंखे आणि फ्रीज यांनी आधीच अडवलेली असते! त्याला उभे राहायला जागा मिळते ती वरच्या पायऱ्यांवर. एकूण वापर ४२० युनिटे. त्याचे ६०० अधिक २०० गुणिले १२ अधिक १२० गुणिले १६, म्हणजे ६०० + २४०० + १९२० = ४९२० रुपये. त्यातून घरचे ८४० वजा केले की हत्तीचे राहतात ४०८० रुपये, म्हणजे युनिटला १३ रुपये ६० पैसे. यावर १६ टक्के वीजशुल्क, म्हणून सुमारे ४७३३ रुपये. कुठे ते १४५० आणि कुठे हे!

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. सरासरी दर आणि शेवटच्या युनिटाचा दर यांतला भेद वर्गात शिकवायला बिलाच्या कागदाइतके चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. मे महिन्यात कूलर लागून घरचा वापर २५० युनिटे झाला, तर हत्तीचा वाटा किती होईल? शुल्काशिवाय ४७०० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, पण कूलरने आणखी एक पायरी अडवली.

मग डिझेलच बरे की काय? तेही पाहू. लिटरला १८ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर १५०० किलोमीटरांचे ७५०० रुपये होतात. बचत आहेच, पण ती ६०५० नसून २७६७ रुपये आहे. हप्ता ठरवायचा तो या दुसऱ्या आकड्यावर. वाहन भरणीसाठी वीजदराचा स्वतंत्र वर्ग आहे. त्याखाली वेगळी जोडणी मिळेल का आणि कोणत्या दराने, ही चौकशी गाडी घेण्यापूर्वी वितरण कंपनीच्या कार्यालयात करावी.

पायऱ्यांचा हा नियम उलट दिशेनेही लागू पडतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. छपरावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले, तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे, महिन्याला १२० युनिटे मिळतात. निव्वळ मापनाच्या मीटरवर ती एकूण वापरातून वजा होतात. म्हणजे कमी होतात ती सर्वांत वरची, १६ रुपयांची १२० युनिटे. शुल्कासह २२२७ रुपये वाचतात. पावसाळ्यात पॅनेल निम्मीच वीज देत असेल, तर जुलैचे बिल किती येईल, ते काढून पाहा.