जुने घर, नवा ठेकेदार

‘घर पाहावे बांधून’ असे म्हणतात. मी म्हणेन, जुने घर पाहावे दुरुस्त करून! गेल्या वर्षी बाबांनी कामठीत जुने घर घेतले. पी.एफ.ची बरीच रक्कम खरेदीतच गेली. उरलेल्यात दुरुस्ती बसवायची होती. ‘‘सिव्हिलला आहेस ना, मग ठेकेदार तूच बघ,’’ बाबा म्हणाले. मित्रांनो, उद्या हे काम तुमच्याही गळ्यात पडेल, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट परवानगीची. कामठीची छावणी १८२१ सालची. घर नगर परिषदेच्या हद्दीत की छावणीच्या, हे आधी पाहावे.

ठेकेदार निवडताना नुसती ओळख पुरत नाही. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले काम बघावे, त्या घरमालकाशी बोलावे. ओल आणि गळती पहिल्या दिवशी दिसत नाही.

आम्हाला तिघांनी भाव दिले. एकाने एकरकमी, दुसऱ्याने नुसती मजुरी, तिसऱ्याने मालासकट चौरस फुटाने. तुलना करणार कशी? शेवटी टेप घेऊन घर मोजले. १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली घ्या. चार भिंती ४४० चौरस फूट. ७ बाय ३ चे दार आणि ४ बाय ३ ची खिडकी वजा जाता ४०७. वजावट करायची की नाही, हेही आधीच ठरवावे. कामांची एकच यादी तिघांना दिली, तेव्हा कळले की एकरकमी भावात जुने प्लास्टर खरवडणे आणि मलबा उचलणे धरलेलेच नव्हते. स्वस्त वाटणारा भाव सर्वांत महाग निघाला!

भेगांचेही तसेच. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहावी. काही महिन्यांत काच तडकली, तर भेग अजून हलते आहे. मग आधी पाया तपासायचा, प्लास्टर नंतर.

करार कागदावरच हवा. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावे आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. काँक्रीटला पाणी कोण मारणार, तेही लिहावे. आय.एस. ४५६ प्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते. आपला मे महिना तर सर्वांना माहीतच आहे.

तेव्हा एस्टिमेशनचे जर्नल कॉपी करू नका. होस्टेलची आपली खोली एकदा स्वतः मोजून बघा!