बोटांचे ठसे आणि संगणक

कार्यालयातील दप्तरात एखादी नोंद शोधावयास कारकुनाला दिवस लागत. संगणक एक ठसा लाखो ठशांशी अल्पावधीत ताडून पाहतो. या सामर्थ्यास मर्यादा हवी, हे गोमंतकातील एका प्रकरणाने आपणांस शिकविले.

एका गुन्ह्याच्या तपासासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘आधार’साठी नोंदविलेले गोमंतकीयांचे ठसे मागितले. आधार प्राधिकरणाने हरकत घेतली. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून अशी माहिती अन्य संस्थेस देऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

गुन्हेगार सापडलाच पाहिजे. परंतु त्यासाठी सर्वच निरपराध्यांना संशयितांच्या रांगेत उभे करावे काय? एका कार्यासाठी विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्या कार्यास वापरण्यापूर्वी देणाऱ्यास विचारावे, हेच आम्हांस न्याय्य वाटते.